सुटे कठडे

लाकडाने भरलेल्या ट्रॉलीच्या कठड्याला दोन परस्परविरोधी कर्तव्ये पार पाडावी लागतात : रस्त्यावर असेपर्यंत त्याने ओंडक्यांना तसूभरही हलू देता कामा नये, आणि मुक्कामी पोहोचताच त्यांच्या वाटेतून सर्वस्वी दूर व्हावे. पहिल्या कर्तव्याचा विचार सगळेच करतात, कारण तेथे अपघाताचे भय असते. दुसऱ्याचा विचार फारसे कोणी करीत नाही, कारण तेथे केवळ हमालाची पाठ झिजते.

मुरबाड तालुक्यातील आमच्या शेताच्या बांधांवर बाभळी आणि सुबाभळी पुष्कळ आहेत. पावसाळ्यात कोरडे लाकूड दुर्मीळ होते आणि एका चितेला तर सुमारे 300 किलो लाकूड लागते, म्हणून विठ्ठलवाडीतील आम्ही काही रहिवासी उन्हाळ्यातच स्मशानभूमीसाठी साठा करण्याची तजवीज ठेवतो. दादांच्या ट्रॅक्टरमागची ट्रॉली रायत्यास उल्हास नदी ओलांडून कांबा, म्हारळ, शहाड असा प्रवास करीत येते. लाकडाची वाहतूक हा या जिल्ह्यात फार पूर्वीपासूनच नाजूक विषय आहे. सरपण आणि राब यांवरील निर्बंधांविषयी रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या, की 1885 साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आजही झाड कोणत्या जातीचे, कोणाच्या जमिनीतले, परवाना लागतो की नाही, याची खातरजमा केल्यावाचून आम्ही कुऱ्हाड उचलीत नाही.

ट्रॉली 10 फूट लांब आणि 6 फूट रुंद. तिचे पत्र्याचे फाळके दीड फूट उंच. त्यावर दोरखंडाने आवळलेली रास रचण्याचा जुना प्रघात मला कधीच मान्य नव्हता. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने, साट्याच्या बाजूंबाहेर अथवा विहित उंचीपलीकडे माल गेल्यास 20,000 रुपये दंडाची तरतूद केली, ती योग्यच आहे. मागून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला निसटलेल्या ओंडक्यापासून वाचवणारे दुसरे काहीही नसते.

राज्य परिवहनाच्या कार्यशाळेत आयुष्य काढल्यामुळे खोबणींत बसणाऱ्या सुट्या कठड्यांचा आराखडा मीच काढला आणि काम उल्हासनगरातील एका मिस्त्रींकडे दिले. निर्वासितांच्या छावणीतून 1949 साली नगर झालेल्या या गावात, सांगितलेली वस्तू मन लावून घडवून देणारा कारागीर आजही हाकेच्या अंतरावर सापडतो. मिस्त्रींचे मत मात्र निराळे होते.

“काका, तीन फुटी जाळी कायमची वेल्ड करून टाकू. खडखड नाही, काही हरवायची भीती नाही.”

“मिस्त्री, भरायला शेतावर सगळे असतात, उतरवायला इथे दोघेच उरतात. त्यांनी एकेक ओंडका तीन फुटी भिंतीवरून का फेकावा?”

ते काही वेळ आराखड्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी स्वतःच विचारले, “मग खोबणी किती खोल ठेवायची?”

सारे मर्म या प्रश्नात आहे. खोबणीत उभा राहणारा कठड्याचा खुंट हा एका टोकाशी धरलेला दांडा असतो आणि मालाचा रेटा त्याला मुळाशी मोडू पाहतो. माल रेतीसारखा सैल मानला, तर उंची दुप्पट होताच मुळाशी येणारा हा मोड आठपट होतो. ओंडके एकमेकांत अडकत असल्याने प्रत्यक्षात तो काहीसा कमी पडतो, परंतु लांबीच्या दिशेने रचलेली गोल लाकडे बाजूला घरंगळू पाहतातच. खोबण निम्मी केली, की तिच्या तोंडावरचा दाब दुप्पट होतो. म्हणून आम्ही ती 9 इंच ठेवली, आणि समोरासमोरच्या खुंटांची डोकी साखळीने एकमेकांस बांधण्याची सोय केली. वरचे टोक धरले गेले, की मुळावरचा भार पुष्कळच हलका होतो.

खोबणींसाठी 50 मिलिमीटरचा, 4 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. त्याच्या आत 42 मिलिमीटर जागा उरते आणि 40 मिलिमीटरचा खुंट तीत सुखाने उतरतो, मात्र पाइपाच्या जोडाचा आतला कंगोरा आधी कानशीने घासावा लागतो. खोबणीचा तळ बंद न करता केवळ एक आडवी सळई लावली, म्हणजे खुंट टेकेल आणि पाणी वाहून जाईल. कोकणच्या पावसात बंद खोबण म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रणच. कठडा उसळून वर येऊ नये एवढ्यासाठीच पिन असते, बाजूचा रेटा तिच्यावर येत नाही. ती हरवू नये म्हणून लहान साखळीने खोबणीशीच जखडली.

कठड्याच्या फळ्या खुंटांच्या आतल्या अंगाला लावाव्यात, याविषयी मी आग्रही होतो. बाहेरून लावलेल्या फळीला माल ढकलतो, तेव्हा सारा ताण बोल्टांवर येतो. आतून लावली, की तोच माल तिला खुंटावर दाबून धरतो. प्रत्येक बाजूचे 5 फुटांचे दोन भाग केल्यामुळे एकेक भाग 20 किलोच्या आसपास भरला, आणि दोघांना तो सहज उचलता येऊ लागला. ओल्या लाकडात वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा पाण्याचा असू शकतो, म्हणून कठड्याची उंची रिकामी दिसली तरी ओला माल वरपर्यंत भरायचा नाही, एवढी एक शिस्त दादांनी घालून दिली.

आता ट्रॉली स्मशानभूमीच्या वखारीशी लागली, की आधी खुंटांच्या साखळ्या ताणलेल्या आहेत का हे पाहतात, कारण ताण दिसला तर माल कठड्यावर रेललेला असतो. मग वरचा थर हाताने उतरवून, मोकळ्या बाजूचा एक भाग काढतात, फाळका खाली पाडतात आणि उरलेले ओंडके नुसते ओढून घेतात. कठडा काढताना त्याच्यासमोर कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम मात्र आम्ही कोणासाठीही शिथिल करीत नाही. दादांनी त्याच खोबण्यांत बसणारे, हलक्या पाइपाचे उंच कठडे भाताच्या पेंढ्यासाठी करवून घेतले आहेत, आणि मिस्त्रींनी तो आराखडा मजकडून मागून घेतला आहे.