लोण्याचा हंस

आमच्या हिंजवडीजवळ चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेली ही मूळची स्वीडिश कंपनी. त्या कुतूहलाने वाचनालयात स्वीडनविषयी वाचू लागलो. तिथल्या गावोगावच्या उपाहारगृहांत पावाच्या एकाच कापावर लोणी लावून वर मासा, अंडे, काकडी मांडतात. या उघड्या सँडविचला 'स्मर्गोस' म्हणतात. शब्दशः अर्थ 'लोण्याचा हंस'!

मला काही उमगेना. आजीला सांगितले. शाळेत कधीही न गेलेली आजी हसली. "अरं, ताक घुसळताना लोण्याचे गोळे तरंगत्यात, बदकावानी! अन् मी भाकरीवर लोणी देते, त्ये येगळं काय?"

त्या शब्दाची व्युत्पत्तीही हीच सांगतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकून घरच्यांपासून दुरावेन, ही धास्ती असते. त्या दिवशी ती थोडी कमी झाली.