जाळी काढायची तारीख

पोटातल्या मोठ्या नीलेत जाळी बसवणं हे तसं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी सारायची, मूत्रपिंडाच्या शिरा कुठे येऊन मिळतात ते डाय सोडून पडद्यावर बघायचं आणि त्याच्या जरा खाली जाळी सोडायची. छत्रीच्या काड्यांसारखे तिचे पाय उघडतात आणि भिंतीला टेकतात. पायातून सुटलेली गुठळी फुफ्फुसाकडे निघाली की तिथे अडते. शिकाऊ डॉक्टरांना कसब यातच वाटतं.

केळापूर तालुक्यातून नागपूरला माझ्याकडे येतात ते बहुधा महामार्गावरच्या अपघाताचे पेशंट. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्यात रक्तस्राव, आणि काही दिवसांत एक पाय टम्म सुजलेला. मांडीच्या शिरेत ताजी गुठळी आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन तर देता येत नाही, अशा वेळी मी फार विचार करत बसत नाही. इंजेक्शन चालत असताना ‘असू द्या, जास्तीची खबरदारी’ म्हणून कुणी जाळी मागितली, की मात्र माझा हात आखडतो. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. औषध सगळ्यांनाच, जाळी निम्म्यांना. पहिल्या बारा दिवसांत फुफ्फुसातल्या गुठळ्या ४.८ टक्क्यांवरून १.१ वर आल्या. पण दोन वर्षांनी बघितलं, तर पायात पुन्हा गुठळी झालेले जाळीवाले २०.८ टक्के आणि बिनजाळीचे ११.६. मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच.

म्हणून काढता येणारी जाळी आली. तिच्या टोकाला हूक असतो, मानेतून फास टाकून तो पकडायचा. उशीर झाला तर पाय भिंतीत रुततात, जाळी कलते, एखादा पाय तुटतोही. धोका टळला असेल तर ती २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढणं फायद्याचं, असा हिशेब अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये मांडला. आमच्याकडे बऱ्याचदा नेमकी त्याच दिवसांत कापसाची वेचणी येते. फोन केला की उत्तर ठरलेलं: “राहू द्या ना साहेब थे जाळी आतमंदी, काही तरास नाही मले.” काही दुखत नसताना दीडशेएक किलोमीटर यायचं, मजुरी बुडवायची, हे त्याला पटावं तरी कसं?

त्यामुळे संमतीपत्रावर सही घेण्याआधीच मी विचारतो, परत कोण आणणार? भाच्याचा नंबर घेतो, काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहितो आणि पांढरकवड्याच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही कळवतो. आणि गुठळी फक्त पोटरीत, लहानशी असेल, तर आठवड्याने यवतमाळला पुन्हा डॉपलर करून घ्या म्हणतो. वर सरकली, तर बघू.