'ठोको'च्या आधीचा सिद्धू

नवज्योतसिंग सिद्धू म्हटलं की माझ्या पिढीला आधी ते गडगडाटी हसणं ऐकू येतं. मग सोफा, भडक पगडी, एक शेर आणि 'ठोको'. 1999 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. हा माणूस क्रिकेट खेळायचा, ही माझ्यासाठी क्विझमधली माहिती होती.

बाबांचं तसं नव्हतं. कपिलच्या शोमध्ये तो हसायला लागला की बाबा वैतागायचे. "अरे, ह्यानं वॉर्नला धुतलंय!"

एकदा यूट्यूबवर बघितलंच. मार्च 1998, चेन्नई कसोटी. सचिनचे नाबाद 155 सगळ्यांना पाठ आहेत. त्याच सामन्यात सिद्धूचे 62 आणि 64 आहेत. वॉर्नचा चेंडू टप्पा घेईपर्यंत हा क्रीज सोडून पुढे पोचलेला असतो आणि चेंडू सरळ गोलंदाजाच्या डोक्यावरून जातो. चेहरा एकदम गंभीर.

आणि हा मुळात फटके नसलेला फलंदाज! 1983 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटी खेळून तो बाहेर गेला आणि राजन बाला या पत्रकारानं त्याला 'स्ट्रोकलेस वंडर' म्हटलं. ते वाचून वडील दुखावले, आणि मग आपण वेड्यासारखा सराव केला, हे सिद्धू स्वतःच सांगत आलाय. चार वर्षांनी, 1987 च्या विश्वचषकात, पहिल्याच वनडेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 73 धावा, पाच षटकार. भारत एका धावेनं हरला, पण सलग चार डावांत चार अर्धशतकं झाली. एका शब्दाला दिलेलं इतकं लांबलचक उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

2001 च्या सुमारास तो कॉमेंट्रीत आला. आकडेवारीची तुलना मिनीस्कर्टशी करणारा समालोचक तोपर्यंत कोणी ऐकला नव्हता. काही उपमा भन्नाट होत्या, बऱ्याच ओढूनताणून आणलेल्या. पण लोकांना तेच हवं होतं, मग तेच वाढत गेलं. 2005 मध्ये लाफ्टर चॅलेंजचा परीक्षक झाला आणि हसणं हाच कामाचा भाग झाला. फिरकी खेळताना पाय कधी हलवायचे, हे इतक्या हक्कानं सांगू शकणारी माणसं मोजकीच. त्याला ते विचारायचं मात्र सगळे विसरले.

मला हे लागतं त्याला कारण आहे. ऑफिसात मी 'मीमवाला' आहे. रिलीज फसली की ग्रुपवर सगळे माझ्या मीमची वाट बघतात. मागच्या वर्षी एका मीटिंगमध्ये मी म्हणालो, "हे डेटाबेस मायग्रेशन शुक्रवारी नको, रोलबॅकची सोय नाहीये." लोक हसले. मॅनेजर म्हणाले, "याचं आपलं काहीतरी चालूच असतं." मी विनोद केलाच नव्हता! शनिवार-रविवार आम्ही सगळे लॉगिन करून बसलो होतो, आणि त्यावरचं मीमसुद्धा माझ्याकडेच मागितलं गेलं. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

म्हणून मला पोर्ट ऑफ स्पेन, 1997 चा सिद्धू आवडतो. वेस्ट इंडीजविरुद्ध 201 धावा, अकरा तासांहून जास्त वेळ. कंटाळा येईल अशी खेळी, आणि ती संपवायची त्याला अजिबात घाई नाही. असल्या खेळीची रील होत नाही.

2024 च्या आयपीएलला तो हिंदी कॉमेंट्रीत परतला. शेर सुरू झाला की मी आवाज कमी करतो. स्पिनर बोलिंगला आला की वाढवतो. मध्येच एखादं वाक्य पायांबद्दल येतं, चेंडूच्या उंचीबद्दल येतं, साधं, बिनयमकाचं. मग बाजूचा कोणीतरी "वाह पाजी" म्हणतो आणि पुन्हा शेर सुरू होतो.