मांदेलीचं देणं

पावसाळ्यात वेसाव्याच्या कोळीवाड्यातली कुत्री रोडावतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या, डोल जाळ्यातून निवडून बाजूला टाकलेली बारीकसारीक मासळी नाही. मे महिन्यात बंदरावर लोळत पडलेलं कुत्रं जूनमध्ये यारी रोडच्या इमारतींपाशी हिंडायला लागतं. अशाच एका जूनमध्ये आमच्या जिन्याखाली एक पिवळसर कुत्री येऊन राहिली. कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. मागचा एक पाय किंचित ओढायची. कुणी जिना उतरायला लागलं की भिंतीला चिकटून ओठ मागे घ्यायची, पण भुंकायची नाही. न भुंकणाऱ्या कुत्र्याला इमारतीतले लोक जास्त घाबरत.

मी टीव्ही मालिकांचे संवाद लिहिते. वर्सोव्यात, म्हणजे याच वेसाव्यात, हा धंदा करणारे पुष्कळ. कुठल्याही कॉफीच्या दुकानात कान दिलात तर शेजारच्या टेबलावर कुणाची तरी सासू कारस्थान रचत असते. एपिसोड रोजचा, त्यामुळे माणसांना अखंड बोलतं ठेवणं हे माझं पोट. नेमकं त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय आणि शब्द: मेंदूच्या डाव्या बाजूला घाव बसला की पुष्कळांचं हे तिन्ही एकदम जातं. साताऱ्याच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवलेली बाई, तिला ‘पाणी’ म्हणायचं असे आणि तोंडातून ‘खिडकी’ येई. चूक तिला कळत असे, हेच भयंकर. मी तिला माझ्याकडे आणलं होतं. वर खाटेवर आई आणि खाली जिन्यात ती कुत्री, दोघींपैकी कुणालाही माझ्या संवादांचा उपयोग नव्हता.

आमच्याकडे म्हावरं घेऊन येणारी एक कोळीण मावशी आहे. बंदीच्या दिवसांत तिच्या पाटीत सुकट आणि बोंबील असतात. तिने पाटी उतरवली, जिन्याखाली नजर टाकली आणि म्हणाली, “ही आमच्या बंदरावरची. मांदेली.” नाव तिनेच ठेवलेलं. रंग मांदेलीसारखा, आणि अंगात तशीच हाडंच हाडं. मी वाकणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. “हात नको लावू गो बाय. खायला ठेव न बाजूला बस. तिच्याकडं बघू पन नको. पाठ करून बस.”

मला आजवर कुणी इतकं नेमकं दिग्दर्शन केलेलं नाही. मावशीचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. भांडं तेच, जागा तीच, वेळ तीच. उशीर होणार असेल तर कुणाकडून तरी पाठव, पण चुकवू नको. समोरून जाऊ नको, बाजूने जा. डोक्यावरून हात आणू नको, हनुवटीखालून आण, तोही तिने नाक लावल्यावर. झोपेत असेल तर लांबून नाव घे. तोंडात काही धरलं असेल तर ओढू नको, त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी दे. आणि सगळ्यांत कडक नियम औषधाचा: “औषध द्यायचं तर तू जा तिच्याकडं. तिला नको बोलवू. बोलवून कडू दिलंस तर पुन्ना बोलावल्यावर येयाची नाय.”

पुढे कधीतरी या शेवटच्या नियमाचं महत्त्व मला एका पशुवैद्यानेही समजावून सांगितलं, अर्थात फी घेऊन. आपण नाव घेऊन हाक मारतो, कुत्रं विश्वासाने येतं, आणि आपण त्याला आंघोळीला किंवा सुईला धरतो. आपल्या लेखी ती एक हाक असते. कुत्र्याच्या लेखी ती पुढच्या प्रत्येक हाकेत असते.

नुसतं खायला घालून कुत्रं आपलं होतं, हा समज मावशीला मान्य नव्हता. खायला तर खाटीकपण घालतो, असं तिचं म्हणणं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांचा २०१७ सालचा एक प्रयोग माझ्या वाचनात आला. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हापुन्हा खाणं दिलं, काहींना पुन्हापुन्हा थोपटलं; थोपटलेली कुत्री त्या माणसावर अधिक भरवसा ठेवू लागली. मी हे मावशीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने बोंबील मोजता मोजता विचारलं, “मग? त्यांना आत्ता कळलं?”

गणपती येऊन गेले आणि मांदेलीने पहिल्यांदा माझ्या पाठीला पाठ लावली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते, नायिकेचा घटस्फोट लिहीत होते. मागून एक उबदार वजन आलं आणि टेकून राहिलं. मी वळले नाही. तो प्रसंग चॅनलने नंतर तीनदा बदलायला लावला; पहिला खर्डा मी जपून ठेवला आहे. त्यात नायिका फारच कमी बोलते.

सोसायटीत अर्थातच तक्रार झाली. बैठकीत कुणी म्हणालं, गाडी बोलवा आणि लांब कुठेतरी सोडून या. नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडावं लागतं, हे २००१च्या नियमांत होतं आणि २०२३च्या नव्या नियमांतही आहे. मी ते वाचून दाखवलं. कुणी ऐकलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे पारशी काका उठले आणि त्यांनी ६ जून १८३२ची गोष्ट अशी सांगितली, जणू ते स्वतः तिथे होते. भटकी कुत्री मारण्याचं सरकारी फर्मान, बक्षिसाच्या लोभाने घरांतली कुत्रीही ओढून नेणारे शिपाई, आणि चिडून फोर्टात दुकानं बंद करून रस्त्यावर उतरलेले पारशी. “मुंबईची पहिली दंगल कुत्र्यासाठी झाली, डिकरा,” ते सेक्रेटरीला म्हणाले. इतिहासकार ‘पहिली’ या शब्दावर भांडतील, पण विषय तिथे मिटला. लसीचा खर्च मी करायचा, असं ठरलं. रेबीजची लस आणि पावसाआधी लेप्टोची. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुतामार्फत लेप्टो पसरतो आणि तो माणसालाही सोडत नाही. ही लस काही माझं औदार्य नव्हे, साऱ्या जिन्याची गरज होती.

दिवाळीत फटाक्यांनी ती आमच्या दारापर्यंत आली. दार उघडं होतं. ती सरळ आत शिरून आईच्या खाटेखाली गेली आणि थरथरत पडून राहिली. मी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, टीव्हीवर माझीच मालिका लावली, कारण त्यात आवाज भरपूर असतो. आई डाव्या कुशीवर होती, तिचा चांगला हात खाटेवरून खाली लोंबत होता. तिने तो हलवला नाही. मावशीचे नियम तिला कुणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून कुत्री रात्री वर झोपू लागली. नंतर एका सकाळी तिने आईच्या हाताखाली डोकं घातलं. आई तिच्याकडे बघत राहिली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, “खंड्या.”

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी आहे. दगडी कुत्रं बसलेलं. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला मान दिला, अशी कथा सातारकर सांगतात. आईचे वडील तिला लहानपणी तिथे न्यायचे, येताना पेढे घ्यायचे. तिचं स्वतःचं नाव, माझं नाव, ‘पाणी’, सगळं कुठेतरी अडकून पडलं होतं आणि हे नाव मात्र साबूत. कुत्री मादी आहे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आईला वाचा-उपचार देणारी बाई येत असे. तिच्या सूचना मी एका कागदावर लिहून घेतल्या होत्या: समोर बसा, छोटं वाक्य बोला, एका वेळी एकच प्रश्न, आणि मग थांबा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मला थांबता येत नसे. दुसऱ्याच्या तोंडात वाक्य घालणं हाच माझा व्यवसाय. पण पायरीवर पाठ करून बसण्याचा सराव झाला होता. मी आईजवळ तशीच बसू लागले, चहाचा कप तिच्या डाव्या हाताशी ठेवून, रोज चारला. काही निघालं तर निघालं. कधी ‘कप’ निघे, कधी नुसता हुंकार, एकदा अख्खी अडीचकी.

हे मी एका मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो दुखावला. आईला कुत्र्यासारखं वागवतेस का, म्हणाला. मला तो राग समजतो. पण उलटं आहे ते. भेदरलेल्या जनावराला जेवढा धीर आपण सहज देतो, तेवढा घरातल्या माणसाला देत नाही. माणसाने लवकर बरं व्हावं, अशी आपल्याला घाई असते.

मांदेलीबद्दल मी गोड गोड लिहावं, अशी अपेक्षा असेल तर तसं नाही. मांजर दिसलं की ती ऐकत नाही. २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा ढीग उपसला, आणि मार्च २०१८मध्ये इथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. कासवाची अंडी उकरण्यात कुत्री पटाईत. म्हणून किनाऱ्यावर मी तिला पट्ट्याशिवाय सोडत नाही आणि त्याबद्दल ती माझ्यावर रुसते. मढच्या फेरीबोटीत चढायला तिने बरेच महिने नकार दिला. मोटारसायकली चढत, टोपल्या चढत, ही धक्क्यावर चारही पाय रोवून उभी. मी ओढलं नाही, आम्ही परत फिरायचो. एक दिवस माझ्याआधी तीच उडी मारून आत बसली, आणि तिकीट देणाऱ्याने तिचे पैसे घेतले नाहीत.

आईची आता पंचवीस-तीस शब्दांची पुंजी झाली आहे. त्यात माझं नाव आलंय. खंड्या अजून पहिल्या नंबरावर आहे.

मावशीचं मी काय लागते, हा हिशोब सुटत नाही. तिला पैसे देऊ केले तर ती पाटी उचलून चालू लागते. मी तिचे सरकारी अर्ज लिहून देते, तिच्या नातीचे निबंध तपासते. ते ती हक्काने करून घेते, मला शिकवल्याची फेड म्हणून नव्हे. लेप्टोच्या लशीची वेळ पुन्हा आली आहे. सुईला मांदेली फक्त मावशीकडूनच तोंड धरू देते, म्हणून तिला यावं लागतं. मागल्या खेपेला दवाखान्यात तिने बिलाचा कागद माझ्या हातातून घेतला, आकडा वाचला आणि अर्धं बिल आपलं, असं जाहीर केलं. कुत्री बंदरावरची, म्हणजे तिची पण. त्या अर्ध्या बिलाचे बोंबील ती अजून हप्त्याहप्त्याने आणते आहे. वजनात ते केव्हाच पुरे होऊन गेलेत, पण मी तसं म्हटलं की ती विचारते, “तराजू तुजा का माजा?”