माळ्यावरचा उंदीर

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे आईचं राज्य. त्या आठवड्यात घरात लोकशाही नसते. गेल्या दिवाळीत तिने मला स्टुलावर चढवलं, माळ्यावरचा एक खोका खाली काढायला लावला आणि फर्मान सोडलं, "एकतर उघड, नाहीतर भंगारवाल्याला दे. तिसरा पर्याय नाही."

उघडला. फ्लॉप्यांची डबी, डायल-अपचा मोडेम, विंडोज ९८ची चरे पडलेली सीडी. आणि तळाशी शेपटी गुंडाळून झोपलेले दोन माऊस. एक पिवळट पडलेला, पोटात रबराचा बॉल, टोकाला हिरवी गोल पिन. दुसरा काळा, पोटाखाली लाल दिवा लागणारा, यूएसबीवाला.

"तरी मी म्हणत होते, माळ्यावर उंदीर आहेत," आई म्हणाली.

मी हसलो. बाबा मात्र पेपर बाजूला ठेवून उठले आणि त्यांनी पिवळट माऊस हातात घेतला. तेव्हाच मला त्यांचा हात थरथरताना नीट दिसला. म्हणजे दिसत होता आधीपासून, पण मी बघत नव्हतो.

थोडं मागे जाऊ. जूनमध्ये बाबांना एकाहत्तरावं वर्ष लागलं, तेव्हा मी त्यांना टॅब घेऊन दिला. अँड्रॉइड, अकरा इंची स्क्रीन, एकदम चकाचक. घरातला जुना डेस्कटॉप कधीच बंद पडला होता. बाबा आमच्या सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचे, ते टॅबवर होतील, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल होतील, मोठ्या अक्षरात पेपर वाचता येईल... मी स्वतःवरच खूश होतो. पण महिन्याभरात टॅब टीव्हीशेजारी पालथा पडला आणि आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आमच्याकडे एखाद्या वस्तूवर क्रोशाचा रुमाल पडला की समजायचं, तिचा वापर संपला.

मी चिडलो. "बाबा, किती सोप्पं आहे! दोन वर्षांचं पोरगं वापरतं. बोटच तर लावायचंय." हे वाक्य तुम्हीही कधीतरी घरी म्हटलं असेल. खोटं नका बोलू.

बाबा म्हणाले, "मला नाही जमत ते." आणि सोसायटीचे हिशेबही त्यांनी एका तरुण मेंबरकडे सोपवले. "आता नव्या पोरांनी बघावं." मला वाटलं, काय मोठं मन आहे!

खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका शेजाऱ्यांच्या निधनाची बातमी आली होती. बाबांना हात जोडायचे होते. मेसेज दाबून धरला की सहा चिन्हांची ओळ येते ना, त्यात हात जोडलेले शेवटी असतात. बाबांचं बोट थरथरलं आणि गेलं काय, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा. काढायला गेले तर मेसेज भलत्याच कुणाला फॉरवर्ड व्हायला लागला. त्यांनी टॅब बंद केला, जिने उतरून त्या घरी गेले आणि माफी मागून आले. त्यानंतर त्या काचेला त्यांनी बोट लावलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. ज्या माणसाने छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्याचा स्वतःचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला होता. हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. चेक पासबुकात घडी घालून ठेवला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, 'इसेन्शियल ट्रेमर'. हात स्थिर असताना फार नाही, पण अधांतरी धरला किंवा काही करायला गेलं की कापतो. कप उचलताना, सही करताना... आणि टॅबवर बोट टेकवायला जाताना. विचार करा, टच स्क्रीन नेमकं हेच मागते. मनगट हवेत, बोट पुढे आणि एका छोट्याशा चौकोनावर अचूक नेम. बोट कापलं की स्क्रीनला एका टॅपऐवजी दोन टॅप दिसतात, नाहीतर टॅपचा स्वाइप होतो. मशीनचा दोष नाही आणि बाबांचाही नाही. पण 'सोप्पं आहे' म्हणणाऱ्याचा मात्र नक्कीच आहे.

तर, तो पिवळट माऊस. बाबांनी तो हातात घेऊन उलटा केला, बॉलवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याने माझी नोकरी वाचवली."

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांमध्ये व्हीआरएस आली. एकीकडे कॉम्प्युटर येत होते आणि लेजरवर आयुष्य काढलेली माणसं पैसे घेऊन घरी जात होती. बाबा सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांचे दोन मित्र गेले. बाबांनी मात्र कर्ज काढलं आणि लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल्ड पीसी आणला. त्यांना शिकवायला घरात एकच एक्स्पर्ट होता, मी! शाळेत आठवड्यातून एक कॉम्प्युटरचा तास असायचा, तेवढ्यावर.

रोज रात्री जेवणं झाली की बाबांचा हात माऊसवर आणि त्यांच्या हातावर माझा हात. माऊस सरकवत सरकवत ते टेबलाच्या कडेला यायचे आणि थांबायचे. "आता पुढे टेबलच नाही रे!" मी पोट धरून हसायचो. "उचला आणि परत मागे ठेवा ना!" मग सॉलिटेअर. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. आई म्हणायची, "बँक बुडणार आणि हे पत्ते खेळतायत." पण त्या पत्त्यांनी त्यांचा हात तयार झाला. २०१४ मध्ये ते सन्मानाने निवृत्त झाले. आणि मी हसायचो त्याबद्दल मला एकदाही बोलले नाहीत.

त्या रात्री माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा माऊस टॅबला लागेल का?

सगळ्यात आधी मी माझा ऑफिसच्या टेबलावरचा जुना ट्रॅकपॅड जोडून बघितला, कारण तो समोरच होता. चालला, पण उपयोग शून्य. एकतर हे जुने ट्रॅकपॅड बऱ्याचदा यंत्राला 'मी माऊस आहे' एवढंच सांगतात. दोन बोटांच्या, तीन बोटांच्या करामती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि ते टॅबवर नसतं. दुसरं म्हणजे पुन्हा बोटच थरथरणार, पुन्हा चुकून टॅप होणार. काच बदलली, कहाणी तीच.

मग काळा माऊस घेतला. टॅबला टाइप-सीचं भोक, माऊसला जुनी चौकोनी यूएसबी. मध्ये लागतो एक बोटाच्या पेराएवढा ओटीजी अडॅप्टर. हा फक्त आकार बदलत नाही बरं का. त्याच्या पोटात एक रेझिस्टर असतो. त्यावरून टॅबला कळतं की आज आपल्याला चार्ज व्हायचं नाहीये, आज यजमानपद आपल्याकडे आहे आणि पाहुण्याला वीज आपण द्यायची आहे.

खोचला. लाल दिवा लागला. आणि स्क्रीनच्या मधोमध एक बाण उगवला. ना ड्रायव्हर, ना डाउनलोड. जवळजवळ वीस वर्षं माळ्यावर काढलेला माऊस आणि पाच महिन्यांचा टॅब, एका सेकंदात ओळख!

हे कसं शक्य झालं? यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९६चं. त्याच काळात माऊस-कीबोर्डसाठी एक समान भाषा ठरवली गेली, ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, थोडक्यात एचआयडी. माऊस कुठल्याही कंपनीचा असो, त्याने मूळ मुद्दे सांगायचे तीनच. कुठलं बटण दाबलंय, आडवा किती सरकलो, उभा किती सरकलो. मूळ निरोप अवघ्या तीन बाइटचा. एवढं कमी बोलणाऱ्याशी कुणाचं भांडण होणार? अँड्रॉइडला तर ही भाषा २०११मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून येते. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

बाबा टेबलापाशी बसले. हात टेबलावर, मनगट टेकलेलं, तळव्याचं वजन माऊसवर. आणि हात बराच शांत झाला. पूर्ण नाही, पण बराच. खरी मजा पुढे आहे. टच स्क्रीनवर जागा शोधणं आणि दाबणं एकाच झटक्यात करावं लागतं. माऊसवर ही दोन वेगळी कामं आहेत. आधी बाण न्या, थांबा, श्वास घ्या, मग क्लिक. कापऱ्या हाताला हा मधला श्वास म्हणजे सगळं काही.

थोडी सेटिंग्ज केली. पॉइंटर स्पीड कमी केला, म्हणजे हात थोडा हलला तरी बाण उड्या मारत नाही. अॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन बाण मोठा केला. तिथेच 'ऑटोक्लिक' म्हणून एक सोय असते, बाण थांबला की थोड्या वेळाने आपोआप क्लिक. ती बाबांनी नाकारली. "माझं मी दाबीन." अडचणी आहेतच. बोटांनी चिमटा काढून फोटो मोठा करतो तसं एकट्या माऊसने होत नाही. भोक एकच, त्यामुळे माऊस लावला की चार्जिंग बंद. त्यासाठी चार्जिंगची सोय असलेला हब घ्यावा लागला.

पण बाबांचं लक्ष पिवळट माऊसकडेच. "आणि हा?"

त्याची हिरवी गोल पिन म्हणजे पीएस-टू. घरात एक छोटा हिरवा अडॅप्टर होता, एका बाजूला गोल, दुसरीकडे यूएसबी. लावला. काही नाही. टॅबला पत्ताच नाही की कुणी आलंय. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका काकांनी माऊस हातात घेतला आणि मान हलवली. "हा अडॅप्टर फक्त वायरी इकडच्या तिकडे करतो. ज्या माऊसला दोन्ही भाषा येतात त्याच्यासाठीच तो. तुमच्या माऊसला एकच येते. याला दुभाषा पाहिजे." दुभाषा म्हणजे आत चिप असलेला कन्व्हर्टर, एक जांभळं आणि एक हिरवं भोक असलेला. तो मिळाला. नखाने आणि स्पिरिटने आतल्या रोलरवरची काळी पट्टी खरवडली, बॉल साबणाने धुतला. हे काम ज्यांनी केलंय त्यांना आत्ता बोटांत जाणवलं असेल. आणि तोही चालला! पण रबर कडक झालेलं. बाण मध्येच अडकायचा, मध्येच घसरायचा.

बाबांनी पाच मिनिटं चालवून बघितला. मग शेपटी गुंडाळून बाजूला ठेवला. "याची सर्व्हिस झाली. याला आता पेन्शन द्या." काळा कामाला लागला, पिवळट शोकेसमध्ये गेला. खोका मात्र भंगारात गेला, आई शब्दाची पक्की आहे.

नंतर मी सहज वाचत बसलो होतो. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेतून १९६४मध्ये पहिला माऊस बनला तो लाकडाचा होता, खाली दोन चाकं. २०१०मध्ये आयपॅड आला तो फक्त बोटांसाठी, आणि सगळ्यांना वाटलं, संपला माऊस. पण २०१९मध्ये आयपॅडवर माऊस आला, आणि आला कुठून? अॅक्सेसिबिलिटीच्या मेनूतून. ज्यांना बोटांनी काच वापरता येत नाही त्यांच्यासाठी ठेवलेल्या दारातून. मार्च २०२०मध्ये तो सगळ्यांसाठी अधिकृत झाला, आणि २०२५च्या नव्या आवृत्तीत तर गोल ठिपका जाऊन आपला जुना बाणच परत आला. म्हणजे थरथरत्या हातांसाठी उघडलेल्या दारातून आज धडधाकट माणसं ऐटीत ये-जा करतायत.

आपण ऑफिसात दिवसभर 'यूजर फ्रेंडली' म्हणत असतो. मीही म्हणतो, त्याचाच पगार घेतो. पण माझ्या घरातला यूजर महिनोन्महिने गप्प होता आणि मी त्याच्यावर 'जमत नाही' असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. त्याला दोन वर्षांच्या पोराशी तोललं होतं. त्याने मला दहाव्या वर्षी हसू दिलं होतं, हे विसरून.

जानेवारीपासून सोसायटीचे हिशेब पुन्हा बाबांकडे आलेत. मागच्या रविवारी गेलो तेव्हा ते एक्सेलमध्ये पाण्याच्या बिलाचा आकडा शोधत होते. बाण हळूहळू सरकत होता. माऊस टेबलाच्या कडेला आला आणि ते थांबले. मला वाटलं सांगावं, उचला आणि मागे ठेवा. जीभ चावली.

त्यांनी उचलला, मागे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतं रे मला."