राखून ठेवलेले तीन गड्डे

फुलकोबी ही मोठी विलक्षण भाजी आहे. पुण्या-मुंबईकडे तिला ‘फ्लॉवर’ म्हणतात. आमच्या लातूर-नांदेडकडे ‘फुलगोबी’ किंवा नुसतेच ‘गोबी’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाव कोणतेही घ्या, आपण खातो तो पांढराशुभ्र गड्डा म्हणजे उमललेले फूल नव्हेच. कळ्या धरण्यापूर्वीच्या असंख्य कोवळ्या देठांची ती दाट जुडी असते. ती उमलण्याच्या आतच आपण तिला विळीवर घेतो. म्हणूनच फुलकोबीला पुढे खरीखुरी फुले येतात, ही गोष्ट जन्मभर तिची भाजी खाणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते.

ती फुले मला पाहायला मिळाली, ती लातुरातील घरामागच्या अर्ध्या गुंठ्याच्या परसबागेमुळे. त्या वेळी मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेत जाण्यापूर्वीचा तासभर मी त्या वाफ्यांना देत असे. मृग बरसला की गादीवाफ्यावर ‘पुसा दीपाली’ या जातीचे बी टाकावे, चार-पाच आठवड्यांनी रोपे हात-हात अंतरावर लावावीत, शेणखत घालावे, खुरपणी करावी आणि दिवाळीच्या सुमारास गड्डे काढावेत, असा माझा परिपाठ होता. वाफ्याच्या कडेने मी मोहरीची ओळ लावीत असे. गोबीची पाने कुरतडणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालण्यासाठी मोहरीकडे अधिक ओढला जातो आणि गोबीवरचे संकट पुष्कळसे टळते. गड्डा धरू लागला म्हणजे त्याचीच पाने वर वळवून सुतळीने सैल बांधावी लागतात. नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो.

आमच्या गल्लीत मळ्यात हयात घालवलेले एक वृद्ध माळीबुवा राहत. एकदा कुंपणाशी उभे राहून ते म्हणाले, “गुरुजी, दरसाल बियाची पुडी इकत आणता. ह्यातलेच चांगले दोन-तीन गड्डे राखा की. बी घरचं हुईल.”

त्यांच्या बोलण्याने माझे कुतूहल जागे झाले आणि मी या भाजीविषयीची पुस्तके चाळू लागलो. तेव्हा कळले की, फुलकोबी मूळची आपली नव्हे. १८२२ साली तिचे बियाणे इंग्लंडहून सहारनपूरच्या सरकारी बागेत आणले गेले. ही थंड हवेतील वनस्पती. आपला उन्हाळा आणि पावसाळा तिला कसा मानवावा? पण उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्यांनी एक साधे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. उष्म्यात जी झाडे तगली, ज्यांनी बऱ्यापैकी गड्डा धरला, त्यांचेच बी त्यांनी राखले आणि पुढच्या हंगामात पेरले. शे-सव्वाशे वर्षांत उष्ण हवेतही गड्डा धरणारी फुलकोबीची स्वतंत्र भारतीय जात तयार झाली. बी राखणाऱ्या त्या शेतकऱ्यांची नावे आज कोणालाच सांगता येणार नाहीत.

आपणही बी राखावे, असे मी ठरविले. पण त्यासाठी जे वर्ष उजाडले, ते २०१५ चे. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने पाठ फिरविली. मी लावलेल्या चाळीस रोपांपैकी एकोणीसच जगली. दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेकांनी लिंबाएवढे गड्डे धरले. तीन झाडांचे गड्डे मात्र ओंजळीत न मावण्याइतके भरले होते.

घरात त्यांच्यावरून चांगलाच वाद झाला. भाऊबिजेला पाहुणे यायचे होते. आमच्या घरातून म्हणणे आले, “बाजारात भाजी दिसत नाही, आणि घरातले तीन चांगले गड्डे तुम्ही वाळायला ठेवणार?” त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा होता. शेंगा पिकायला आणखी चार महिने तरी लागणार होते. नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत चालले होते. “माणसांना प्यायला नाही आणि झाडांना कोठून घालायचे?” हे तिचे म्हणणे खोटे नव्हते.

तोड काढली माझ्या पुतणीने. नांदेडजवळ गोदावरीकाठच्या गावी माझा धाकटा भाऊ शेती करतो; त्याची ही मुलगी सहावीसाठी आमच्याकडे राहिली होती. ती म्हणाली, “काकू, तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी तुम्ही मोरीत ओतता ना? तेवढे मला द्या. नळाच्या पाण्याला मी हातही लावणार नाही.” काकूंनी ते मान्य केले. भाऊबिजेला पिठल्याचा बेत झाला आणि रोज सकाळी एकेका झाडाला एकेक तांब्या पाणी मिळू लागले. कधी अर्धाच मिळे. मुळाशी वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालून आम्ही तेवढी ओल धरून ठेवीत होतो.

हळूहळू ते घट्ट गड्डे सैल झाले, फुटले आणि त्यांतून दांडे वर निघाले. ते कमरेइतके वाढले आणि एके दिवशी त्यांवर पिवळी फुले उमलली. चार पाकळ्यांची ती फुले पाहून पुतणी ओरडली, “काका, ही तर मोहरीसारखीच फुले!” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. मोहरी, मुळा आणि कोबी ही एकाच कुळातील भावंडे. मधमाश्या येऊ लागल्या. या जातीला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे लागतात. एकच झाड राखून भागत नाही, ते यामुळे. दोन-तीन गड्डे राखण्याचा माळीबुवांचा सल्ला किती अनुभवाचा होता, ते तेव्हा कळले.

होळीच्या सुमारास बारीक शेंगा वाळल्या. आम्ही त्या धोतरावर चोळल्या, सुपाने पाखडल्या आणि हाती मूठभर तपकिरी बी आले. दिसायला मोहरीच!

त्याच मार्च महिन्यात पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली पहिली आगगाडी आली. सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून दहा वाघिणींतून पाच लक्ष लिटर पाणी आमच्या शहरात पोहोचले.

परीक्षा संपवून पुतणी गावी निघाली, तेव्हा मी बियाचे दोन भाग केले. एक भाग डब्यात घालून फळीवर ठेवला आणि दुसरा तिच्या हाती दिला. यंदाही लातुरात पाऊस पडला नाही, तर निदान गोदेकाठी तरी ते रुजावे, हा त्यामागचा हेतू. तिने ती पुरचुंडी दप्तरात, कंपासपेटीच्या आत ठेवली.

त्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला. दोन्हीकडचे बी रुजले. आषाढात तिचे पत्र आले : “काका, एकशे बारा रोपे उगवली. मी स्वतः मोजली.”

आता मी सेवानिवृत्त झालो आहे. वाफ्यांना तासाऐवजी सारी सकाळ देता येते. दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या घरातून लाल चिंधी घेऊन प्रथम वाफ्यात जाते, ती काकूच. वाकून, पाने बाजूला सारून, ती एकेक गड्डा निरखते आणि सर्वांत उत्तम अशा तिघांना चिंधी बांधते. त्यानंतरच भाजीसाठी विळा बाहेर निघतो.