चादर: झांस्करच्या हिवाळी वाटेची दैनंदिनी

सोमवार, लेह

हिवाळ्यात लेहला पोहोचण्याची त्यातल्या त्यात भरवशाची वाट आकाशातली. मनालीकडचा रस्ता बर्फाखाली जातो, श्रीनगरकडचा झोजी ला खिंडीच्या मर्जीवर चालतो. विमाने सकाळीच उतरतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारे सुटतात. त्यामुळे दिल्लीत धुके पडले की सगळे गणित कोलमडते. आज ते पडलेच. उड्डाण तीन तास उशिरा.

लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून वर. हवेतले प्राणवायूचे प्रमाण इथेही तेवढेच असते. दाब मात्र समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायू कमी. दिल्लीहून सव्वा तासात इथे आलेल्या शरीराला जुळवून घ्यायला दोन-तीन दिवस लागतात. डोके ठणकणे, मळमळणे, झोप न लागणे ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागले तर मात्र जिवावर बेतते, आणि रुग्णाला तातडीने खाली नेणे हाच मुख्य उपाय उरतो. बरेच जण अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेतात. त्या कामाच्या असतात, पण त्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. उणे पंधरा अंशांत रात्री तीनदा पांघरुणातून उठणे म्हणजे काय, याची कल्पना गोळ्यांच्या वेष्टनावरून येत नाही.

नळाला पाणी नाही. नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून बहुतेक घरांत थंडीभर पाणी बंद ठेवतात आणि बादलीने देतात.

खर्च: टॅक्सी ५००, खोली १,५००, गरम पाण्याच्या दोन बादल्या (खोलीच्या भाड्यात नाहीत) १००.

मंगळवार, लेह

पडून राहणे. डोकेदुखी. नळाला पाणी नाही. प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचे असेल तर इथे चालत नाही, त्यामुळे पदयात्रेच्या तुकडीतले तिघे दिवसभर बाकीच्यांचे फोन मागत फिरले. खर्च: थुक्पा १५०, खोली १,५००.

बुधवार, लेह

चादरीवर, म्हणजे गोठलेल्या झांस्कर नदीवरच्या वाटेवर, जाण्याआधी लेहमध्ये मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू मोजतात, आकडे नापसंत पडले तर दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. रांग दोन तास, तपासणी चार मिनिटे. एकाचा रक्तदाब चढला तो रांगेतच चढला असणार. अर्ध्या तासाने उतरला.

दुपार मोती मार्केटमध्ये गमबुटांच्या शोधात गेली. महागडे ट्रेकिंगचे बूट चादरीवर कुचकामी ठरतात. बर्फावर घोट्याइतके पाणी कधीही चढते, आणि भिजलेले चामडे रात्रीत दगड होते. रबरी गमबूट एक माप मोठा घ्यायचा आणि आत लोकरी मोज्यांचे दोन जोड घालायचे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटे आधी गारठतात. ४५ नंबर कुठेच नव्हता. चौथ्या दुकानात मिळाला, तोही एक पाय हिरवट आणि एक काळा.

खर्च: गमबूट ६००, मोजे ४००, परवाने आणि शुल्क वेगळे, त्यांची पावती तुकडीच्या पुढाऱ्याकडे.

गुरुवार, शिंगरा कोमा

लेहहून पश्चिमेला निम्मूपाशी झांस्कर नदी सिंधूला मिळते. तिथून गाडी झांस्करच्या घळीत वळते आणि चिलिंगवरून पुढे जाते. चिलिंग हे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे गाव. शे गावातली बुद्धमूर्ती घडवायला सतराव्या शतकात नेपाळहून आलेल्या कारागिरांचे वंशज तिथे राहतात, असे गावात सांगतात. गाडीरस्ता पूर्वी चिलिंगच्या आसपास संपायचा आणि चालणे तिथूनच सुरू व्हायचे. नंतर रस्ता दरवर्षी आत सरकत गेला, तशी चालण्याची सुरुवातही आत सरकली.

लडाखला थंड वाळवंट म्हणतात ते योग्यच आहे. मोसमी ढग हिमालय अडवतो. लेहमध्ये वर्षभरात पडणारे पाऊस-बर्फ सगळे मिळून सुमारे १०० मिलिमीटर भरते, आणि मुंबईत जुलैचा एखादा दिवस तेवढे ओतून मोकळा होतो. घळीच्या भिंती त्यामुळे उघड्या आहेत: तांबूस, राखी, जांभळट खडकांचे उभे-आडवे थर, त्यांवर गवताची काडी नाही. तळाशी पांढरी नदी.

ही नदी तळ्यासारखी वरून शांतपणे गोठत नाही. प्रवाहात सगळे पाणी ढवळले जाते, शून्याच्या किंचित खाली उतरते आणि त्यात बर्फाचे बारीक कण धरतात. पाण्यावरून लगदा वाहताना दिसतो तो या कणांचा. काठाशी वेग कमी, तिथे लगदा चिकटतो आणि बर्फाची कड रोज थोडी आत सरकते. नदी अरुंद असते तिथे लगदा तुंबून बांध होतो, मागचे पाणी फुगून आधीच्या बर्फावर चढते आणि रात्री तिथेच गोठते. असे थरावर थर साचून चादर होते. त्यामुळे ती कुठे दोन हात जाड असते, तर दहा पावलांवर बोटभर. नदीच्या मध्यावर कित्येक ठिकाणी हिरवे पाणी उघडेच वाहत असते आणि वाट काठच्या कडेवरून जाते.

चालताना पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा. निळसर काचेसारख्या बर्फावर पाय टिकत नाही, पण तोच सर्वांत मजबूत. भुरभुरता ताजा बर्फ पायाला बरा वाटतो आणि दगा देतो, कारण बर्फाची ती दुलई खालच्या थराला थंडी लागू देत नाही आणि तो कच्चा राहतो. तुकडीतले बहुतेक जण तासाभरात एकदा तरी आडवे झाले.

तापमान रात्री आठला उणे १९. मोजे ओले.

शुक्रवार, वाटेत

उणे २४. निघायला दीड तास उशीर, कारण तंबू घडी होईना. श्वासाची वाफ रात्रभर तंबूच्या आतल्या कापडावर गोठते, आणि सकाळी चेन ओढली की तो सगळा चुरा मानेत पडतो. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ वर, बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. फोन, कॅमेऱ्याची बॅटरी, दुसऱ्या दिवशीचे मोजे, डोळ्यांचे थेंब, सगळे स्लीपिंग बॅगमध्ये. माणसाला जागा उरली तर उरली. मोजे ओले. जेवण: भात, राजमा, तोही पहिल्या चार घासांपुरता गरम.

शनिवार, तिब

रात्री ढग आले आणि सकाळी चादर तुटली. यात विरोधाभास काही नाही. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता थेट आकाशात निघून जाते आणि पारा कोसळतो. ढग ती उष्णता धरून ठेवतात, रात्र उबदार जाते, आणि चादरीला उबदार रात्र मानवत नाही. तिबच्या पुढच्या वळणावर दोनशे पावलांचा बर्फ गायब होता. कड्यावरून जायला धरण्यासारखे काही नव्हते, आणि पाणी कमरेइतके. मुक्काम.

इथे काठाला गुहा आहेत. छत पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने डांबरासारखे काळे. पर्यटक तंबूत झोपतात, पोर्टर गुहेत, आणि पोर्टरांची निवड अधिक शहाणपणाची आहे. दगडी भिंतीमागे वारा लागत नाही आणि मध्ये जाळ असतो.

पोर्टरांतला सर्वांत वयस्क माणूस, ज्याला सगळे अचो-ले म्हणतात, झांस्करच्या आतल्या गावचा. पन्नाशीचा असावा, चेहऱ्यावरून साठीचा दिसतो. लाकडी स्लेज दोरीने कमरेला बांधून ओढतो, आणि बर्फ संपला की तीच स्लेज सामानासकट पाठीवर घेतो. हातातल्या काठीने पुढचा बर्फ ठोकत चालतो: भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की उजवीकडे किंवा मागे. त्याच्या मागून ठोकणाऱ्या शहरी काठ्यांना दोन्ही आवाज सारखेच लागतात. ओले मोजे तो जाळावर वाळवत नाही, कारण लोकर करपते. घोंच्याच्या, म्हणजे अंगावरच्या लांब झग्याच्या, आत पोटाला लावून कंबरपट्टा आवळतो, आणि झोपायच्या वेळेपर्यंत ते कोरडे झालेले असतात. तुकडीतल्या एकाने हा प्रयोग करून पाहिला. मोजे वाळले नाहीत, पोट बिघडले.

आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला याच वाटेने लेहच्या शाळेत नेले होते. वडिलांच्या पाठीवर लोणी होते. झांस्करचे लोणी हिवाळ्यात लेहच्या बाजारात नेऊन विकायचे आणि परतताना गावात न मिळणाऱ्या वस्तू आणायच्या, हा चादरीचा जुना उपयोग. हौशी पदयात्री फार नंतर आले. शाळेत मुले वर्षानुवर्षे राहत. आई पुन्हा किती वर्षांनी भेटली, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही आणि थुक्प्यात पीठ सोडले.

थुक्पा त्यानेच केला: कणकेचे चपटे तुकडे, वाळवलेले मांस, मुळा, आणि शेवटी मूठभर भाजलेल्या सातूचे पीठ, त्याने रस्सा दाटला. नंतर लोणी-मिठाचा चहा. पहिल्या घोटाला तो चहा वाटत नाही. पातळ सार म्हणून प्यायला तर दुसरा पेला मागितला जातो. पर्यटकांच्या स्वयंपाकाच्या तंबूत त्याच वेळी मॅगी शिजत होती, आणि तिकडची निम्मी माणसे एकेक करून गुहेत सरकली.

उद्या निघायचे का, असे तुकडीच्या पुढाऱ्याने विचारले. अचो-ले बाहेर जाऊन आकाश बघून आला. “तारे दिसले तर निघू, साहेब. नाही तर झोपा.”

रविवार, तिब

तारे दिसले नाहीत. पत्ते. भात, राजमा. पाणी चढलेलेच.

सोमवार, नेरक

रात्री दोनच्या सुमारास आकाश उघडले. सकाळी तुटलेल्या जागी काठाने दीड हात रुंदीची कोवळी कड धरली होती. एकेकाने, मध्ये दहा पावलांचे अंतर ठेवून, पाठपिशव्या स्लेजवर देऊन सगळे पार झाले. चाळीस मिनिटे लागली.

नेरकचा गोठलेला धबधबा चादरीची छायाचित्रे बघितलेल्या सर्वांना ओळखीचा असतो. प्रत्यक्षात त्याच्यापाशी वेळ घालवावासा वाटत नाही. सावली, वारा, आणि फोटोसाठी रांग. गाव काठापासून बरेच वर आहे. बहुतेक तुकड्या नेरकवरूनच माघारी फिरतात. पुढची वाट पदुमकडे जाते, झांस्करच्या मुख्य गावी. कारगिलकडून तिथे येणारा रस्ता पेन्सी ला (सुमारे ४,४०० मीटर) बर्फात बुडाला की बंद, म्हणून जवळजवळ १४ हजार वस्तीच्या या खोऱ्याला हिवाळ्यात ही नदीच काय ती बाहेर नेई. हंगेरीचा भाषाभ्यासक चोमा दे कोरोश १८२३-२४ मध्ये याच खोऱ्यातल्या झांग्लाला राहून तिबेटी शिकला, तेव्हाचा त्याचा हिवाळा याच बंदिस्तपणात गेला. त्यातून पुढे १८३४ साली त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश निघाला.

नदीवर विसंबणे किती कच्चे, याचे दाखले जुने शोधावे लागत नाहीत. २०१४च्या अखेरीस फुगतालजवळ दरड कोसळून झांस्करची वरची शाखा त्साराप नदी अडली आणि मागे तळे साचले. खाली पूर येण्याच्या भीतीने त्या हिवाळ्यात चादर बंद ठेवावी लागली, आणि मे महिन्यात बांध फुटून पूल वाहून गेले. जानेवारी २०२० मध्ये पाणी चढून नेरकच्या बाजूला शंभराहून अधिक लोक अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले.

चिलिंगवरून आत सरकत गेलेला तो रस्ता, म्हणजे निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा मार्ग, सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडला, आणि शिंकू लाखालच्या बोगद्याचे काम त्याच जुलैत सुरू झाले. पर्यटक हळहळतात, चादर संपणार म्हणून. पोर्टरांत हळहळणारा कोणी भेटला नाही. एकाच्या वहिनीला बाळंतपणात याच बर्फावरून खाटेवर न्यावे लागले होते. त्याला रस्त्याविषयी एकच तक्रार होती, की उशीर झाला. त्यांची हिवाळ्याची रोजी मात्र जाईल, हेही त्यांनीच सांगितले.

मंगळवार, परतीवर

तीच वाट, पण ती नाही. येताना जिथे बर्फ होता तिथे पाणी, जिथे पाणी होते तिथे बर्फ. काठावर कोल्ह्याची पावले, तीही घसरलेली. एक पाय घोट्यापर्यंत आत गेला (हिरवट गमबुटाचा). मोज्यांचा एक जोड कमी.

बुधवार, लेह

गाडी वेळेवर. दोन बादल्या, १०० रुपये, आणि या वेळी कोणी घासाघीस केली नाही. पोर्टरांना बक्षिसी माणशी १,०००. काही प्रवाशांनी गमबूट आणि मोजेही त्यांना देऊन टाकले. दोन रंगांचे कोणी घेतले नाहीत.

चादरीचा हंगाम साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत. वाट लेहपेक्षा थोडी खालच्याच उंचीवरून जाते, त्यामुळे लेहमध्ये सावरलेल्यांना उंचीचा त्रास होत नाही. त्रास थंडीचा आणि थांबण्याचा. थांबण्यासाठी दोन दिवस हाताशी न ठेवता परतीचे तिकीट काढू नये.

गुरुवार, लेह

बर्फ पडतोय. उड्डाण रद्द, पुढचे शनिवारी. तिकिटाचे पैसे परत मिळतील. खोली १,५००, थुक्पा १५०.